अंगठ्याखालचा आकडा

पगाराची चिठ्ठी हातात पडली की मामा आधी अंगठा पुसायचे. दिवसभर दुधाच्या कॅना धुऊन तो पांढराफटक, सुरकुतलेला झालेला असायचा. धोतराच्या सोग्याला तो नीट कोरडा करायचे आणि चिठ्ठीच्या अगदी तळाशी, जिथं हातात पडणारी रक्कम छापलेली असते, तिथं नेमका ठेवायचे. तो आकडा झाकला गेला की मग वरचं वाचायला सुरुवात.

कोणी विचारलंच, "काय मामा, किती आले हातात?" तर उत्तर ठरलेलं होतं.

"हातात काय आलं ते इचारू नका. मागं काय ऱ्हायलं ते इचारा."

पगाराच्या दिवशी तोंड पाडून बसलेली माणसं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. मी स्वतः त्यांच्यातलाच. पण पगारातून पैसे कापले गेले म्हणून खूश होणारा माणूस तुमच्या पाहण्यात आलाय का? माझ्या आला. एकच.

आमचं दूध थंड करण्याचं केंद्र अणदूरच्या बाजूला हमरस्त्यावर आहे. खासगी आहे, फार मोठं नाही. मी तिथं दुधाचं फॅट तपासून लिहितो, म्हणजे कायम नोकरीतला. मामा ठेकेदाराकडचे. कॅना उतरवणं, धुणं, पालथ्या घालणं हे त्यांचं काम. वयानं माझ्यापेक्षा दहाबारा वर्षांनी मोठे. सगळे त्यांना मामाच म्हणायचे, आणि ते मला 'सायब'. त्या 'सायब'मध्ये आदर किती आणि चेष्टा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

चेष्टेला कारणही होतं. मला माझाच पगार कळत नसे. आमच्या लग्नाच्या बैठकीत वडिलांनी माझा पगार सांगितला तो चिठ्ठीवरचा सगळ्यात वरचा आकडा. खोटं काही नव्हतं, छापलेलंच होतं. पण त्याच्याखाली फंड, विमा, सोसायटीचा हप्ता, व्यवसाय कर अशी उतरंड असते आणि माणूस जगतो तो तळातल्या आकड्यावर, हे सासऱ्यांना कोणी सांगितलं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या पगाराला बायकोनं पाकीट उघडून मोजलं आणि विचारलं, "बाकीचे वाटेत सांडले का?" मुलं कॉलेजात गेली तरी तिचं एक वाक्य संपलेलं नाही. चार पाहुणे जमले की हमखास येतं, "ह्यांचा लग्नात सांगितलेला पगार मला अजून बघायला मिळायचाय."

हा किस्सा मी मामांना एकदा सांगितला. मला वाटलं, हसतील. ते गंभीर झाले.

"वहिनींस्नी म्हणावं, ज्याचं कापतंय तो नोकरदार. ज्याचं काय कापत न्हाय, तो रोजगारी. रोज संध्याकाळी समदं हातात. त्याच्या मागं कोण हाय?"

हे कळायला मामांचं आधीचं आयुष्य माहीत हवं. ते मूळ मेंढरांतले. दसरा झाला की कळप घेऊन घर सोडायचं, उसाच्या आणि ज्वारीच्या पट्ट्यात रानोरान बसायचं, मिरगाला परत यायचं. लग्न झाल्यापासून मामी त्यांच्या मागं, घोड्यावर संसार बांधून. तिचं पहिलं मूल वाटेतच, एका परक्या रानात, तापानं गेलं. जवळ दवाखाना नव्हता, आणि असता तरी त्या दिवशी हातात काही नव्हतं. पुढं दोन मुली झाल्या, त्या वाढल्या, दिल्या. शेवटची मुलगी सासरी गेली त्या वर्षी मामी म्हणाली, आता मेंढरं पुरे. मला छप्पर पाहिजे आणि तुमचा पगार पाहिजे. मामांनी कळप विकला आणि कॅना धुवायला लागले.

म्हणून मामी कोणालाही सांगताना असं सांगायची, "आमच्या ह्यांचं कापून येतंय." जशी दुसरी एखादी बाई म्हणेल, आमच्या ह्यांना गाडी आहे. एकदा आम्ही दोघं त्यांच्याकडं जेवायला गेलो होतो. देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक, शेजारी खिळ्याला एक तार, आणि त्या तारेत आजवरच्या सगळ्या पगाराच्या चिठ्ठ्या ओवलेल्या. मामी लिहायला-वाचायला शिकलेली नव्हती. पण प्रत्येक चिठ्ठीला हळदीचं बोट लावलेलं होतं.

बायकोनं परतीच्या वाटेवर मला विचारलं, "तुमच्या चिठ्ठ्या कुठं असतात हो?" मी म्हटलं, "बहुतेक धोब्याकडं."

चहाच्या सुट्टीत मामांचा वर्ग भरायचा. नवीन कोणी कामाला लागला आणि पहिल्या पगाराला हिशेब जमेना म्हणून कुरकुरू लागला की मामा त्याची चिठ्ठी मागून घ्यायचे. वर एकूण पगार. तो म्हणजे मूळ पगार, महागाई आणि बारीकसारीक भत्ते मिळून. त्याच्याखाली कपात. मूळ पगार आणि महागाईवर शेकडा बारा फंडाचे. दवाखान्याच्या विम्याचे शेकडा पाऊण. व्यवसाय कराचे दोनशे. आणि शेवटी ठेकेदाराचा 'इतर' नावाचा रकाना, ज्यात गमबुटापासून चहापर्यंत काहीही मावायचं. हे सगळं वजा जाता तळाला उरतं ते आपलं.

"ते आपलं, आन हे काय लोकाचं?" असं म्हणून मामा कपातीवर बोट ठेवायचे. "अर्धलीनं शेळी देत्यात का न्हाय तुमच्याकडं? शेळी माझी, सांभाळणार दुसरा. पिल्लं झाली की निम्मी त्याची, निम्मी माझी. फंडाचं तसंच हाय. बारा माझे जात्यात, बारा ठेकेदार घालतो. शेळी सरकारच्या दावणीला. पाला-पाणी आपुन बघायचं न्हाय. वयाला अठ्ठावन्न झाले की सोडून आणायची, लेकरावळीसकट."

"आन शेळी मेली म्हणजे?" कोणीतरी खोडी काढायचंच.

"मेली तर सांभाळणाऱ्यानं तिचा कान कापून आणायचा आन मालकाला दावायचा. आमच्यात रीत हाय. कान दावला की बोलणं मिटलं, कुणी कुणाला शब्द बोलायचा न्हाय. पण कान न्हाय ना, मग एक तर शेळी दे, न्हायतर तिची किंमत दे."

फेब्रुवारीच्या चिठ्ठीत मात्र मामा दरवर्षी अडखळायचे. त्या महिन्यात व्यवसाय कराचे दोनशेऐवजी तीनशे जातात. "महिना लहान आन कात्री मोठी," ते म्हणायचे. मग स्वतःच समजूत घालायचे, "असू द्या. सरकारच्या घरी बी लग्नसराई असंल."

दोनेक वर्षांमागं, होळीच्या आसपास, मामींच्या अंगावरून जायला लागलं. वय निघून गेलेली बाई; लाजेनं महिनाभर कुणाला बोलली नाही. मग माझ्या बायकोजवळ बोलली. आम्ही सोलापूरला दाखवलं. डॉक्टरांनी तपासलं, तुकडा काढून पाठवला, आणि निकाल आल्यावर मला बाजूला घेऊन सांगितलं: गर्भपिशवीचा कर्करोग आहे, अजून पसरलेला दिसत नाही, पण ऑपरेशन लवकर हवं. उशीर परवडणार नाही.

मी हे मामांना कसं सांगावं म्हणून एस.टी. स्टँडवर दोन चहा प्यायलो. सांगितल्यावर त्यांनी सदऱ्याच्या खिशातून विम्याचं कार्ड काढलं. मग म्हणाले, "मग हे कशासाठी कापलंय, सायब? ह्याच्यासाठीच की."

आणि खरं सांगतो, त्यांच्या चेहऱ्यावर भीतीच्या मागं कुठंतरी समाधान होतं. परक्या रानात मूल गेलं तेव्हा मागं काही नव्हतं. आता होतं.

विम्याच्या दवाखान्यात खिडकीतल्या बाईंनी कार्ड घेतलं. संगणकावर पाहिलं, पुन्हा पाहिलं. बाई चांगल्या होत्या, बाहेर येऊन बोलल्या. "बाबा, कार्ड आहे तुमचं. पण त्याच्यावर हप्ताच जमा नाही हो. मागची अडीच-तीन वर्षं कुणी भरलेलाच नाही."

"कापत्यात की," मामा म्हणाले. "दर म्हैन्याला कापत्यात."

"कापत असतील. इथं आलेलं नाही."

मामांना ते कळलंच नाही. कापलेलं कुठं जात असतं, ह्याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता. आणि मी तरी कुठं केला होता. त्यांना वाटलं, दवाखान्याच्या कागदात काही चूक असेल. ती होईल दुरुस्त. तोवर फंडातून आजारपणासाठी उचल मिळते हे त्यांना माहीत होतं.

केंद्रातल्या आम्ही चारपाच जणांनी मिळून पैसे उभे करायचं ठरवलं. बायकोनं पाटल्या काढून दिल्या. मी त्या रुमालात बांधून मामांकडं नेल्या. त्यांनी रुमाल सोडलासुद्धा नाही.

"वहिनींच्या हातातलं कशाला? माझंच हाय की मागं. चार दिसात निघंल. स्वतःचं असताना उसनं घ्यायला म्या काय रोजगारी हाय?"

मी पुष्कळ बोललो. बायको जाऊन मामींशी बोलली. दोघांचं उत्तर एकच. उसनं घेतलं तर इतक्या वर्षांच्या त्या तारेला काय अर्थ होता?

फंडाचं पाहायला आम्ही अणदूरच्या ई-सेवा केंद्रात गेलो. तिथल्या मुलीनं मामांचा नंबर टाकला, तर पासवर्डचा मेसेज भलत्याच मोबाईलवर गेला. सगळ्या कामगारांच्या खात्याला ठेकेदाराच्या सुपरवायझरचा मोबाईल नंबर जोडलेला होता. पैसे भरल्याचे, न भरल्याचे, सगळे मेसेज त्याला. तो नंबर बदलायचा तर आधारसाठी बोट लावायचं. मामांनी अंगठा लावला. यंत्रानं घेतला नाही. पुसून लावला, तेल लावून लावला, तरी नाही. सोड्याच्या गरम पाण्यात कॅना धुऊन अंगठ्याच्या रेषाच झिजून गेल्या होत्या. ज्या अंगठ्यानं ते आकडा झाकत, तो आता कुणाचाच नव्हता. शेवटी डाव्या करंगळीवर जमलं.

पडद्यावर ओळी आल्या. आधीच्या ठेकेदाराच्या काळातल्या, दर महिन्याला दोन-दोन रकमा, मामांची एक आणि ठेकेदाराची एक. मग हा ठेकेदार आला ते साल. त्याच्यापुढं पान पांढरं.

"खाली हाय का अजून?" मामांनी विचारलं.

"नाही आजोबा. एवढंच."

"पोरी, नीट बघ. शेवटल्या चिठ्ठीत बी कापलंय."

तिनं पडदा त्यांच्याकडं वळवला. मामांनी सवयीनं अंगठा पुढं नेला, पण झाकायला तिथं तळाशी काहीच नव्हतं.

ठेकेदाराचं ऑफिस धाराशिवला. तुळजापुरावरून दोन एस.ट्या बदलून गेलो. पस्तिशीचा, हसतमुख माणूस. उठून मामांच्या पाया पडला, चहा मागवला. म्हणाला, "मामा, भरायचंच आहे ते. वरून माझंच बिल अडकलंय, म्हणून थोडं मागं-पुढं झालं. पंधरा दिवसांत जमा करतो."

"माझ्या पगारातनं कापल्यालं तुमच्या बिलात कसं अडाकलं?"

"तसं नाही मामा, तुम्हाला नाही कळणार ते."

"व्हय, न्हाय कळत." मामांनी कप खाली ठेवला. "म्या एकच इचारतो. शेळी हाय का? असंल तर दावा. मेली असंल तर कान दावा."

तो हसला आणि माझ्याकडं बघू लागला. मी त्याला ती रीत समजावून सांगितली. समजल्यावरही तो हसतच राहिला, फक्त त्यातला आवाज गेला. "पंधरा दिवस द्या," एवढंच म्हणाला.

परतताना गाडीत मामा खिडकीशी बसले होते. आमच्या इथला खंडोबा अणदूरला असतो आणि वर्षातले दोनेक महिने नळदुर्गला जातो, हे इकडच्या लोकांना माहीत आहे. देव नेताना आणि परत आणताना दोन्ही गावचे मानकरी बसून, देव कधी परत द्यायचा ते लिहून देतात-घेतात. मामा दरवर्षी त्या बैठकीच्या मागं उभे असायचे. ते म्हणाले, "देव बी लिखापढी झाल्याबिगर गाव सोडत न्हाय, सायब. दर साली बघितलं ह्या डोळ्यांनी. आन शेळी बघाया एक दिस गेलो न्हाय."

जुन्या ठेकेदाराच्या काळातलं जे होतं ते निघालं. ते तपासण्यांत आणि जाण्यायेण्यात संपलं. फंडाच्या ऑफिसात आम्ही तक्रार दिली. त्यांनी ती नीट लिहून घेतली, नोटीस काढतो म्हणाले, चौकशीला वेळ लागेल हेही सांगितलं. पंधरा दिवसांचा महिना झाला. सुपरवायझर फोन उचलेना. सरकारी योजनेत बसवायचं म्हटलं तर रेशनकार्डावर मामींचं नाव माहेरचं निघालं. ते बदलायला दोन खेपा तहसीलला. ह्या सगळ्यात मामा दर सोमवारी करंगळी लावून पडदा बघून यायचे. न जाणो, जमा झालं असलं तर.

शेवटी माझ्या बायकोनं पाटल्या परस्पर मोडल्या आणि पैसे मामींच्या उशाशी नेऊन ठेवले. तेव्हा मामांनी घेतले. मान खाली घालून, दोन्ही हातांनी. तोवर मिरग निघाला होता. ऑपरेशनच्या आधी पुन्हा तपासलं, तर आता कापून उपयोग नाही, म्हणाले डॉक्टर. पोटात सगळीकडं गेलं होतं.

मामी श्रावणात गेली. जायच्या आधी चार दिवस माझी बायको तिच्याजवळ बसली होती. तिला धड बोलवत नव्हतं. तरी म्हणाली, "ह्यांस्नी सांगा, तारंतल्या चिठ्ठ्या टाकू नका. कापल्यालं कवातरी येतंयच." मग थोड्या वेळानं, "येतंय ना ओ ताई?"

बायको म्हणाली, येतंय.

त्यानंतर पाहुण्यांसमोर लग्नातल्या पगाराचा किस्सा तिनं पुन्हा सांगितलेला मला आठवत नाही.

पुढच्या पगाराला मामा केंद्रावर आले. दरम्यान ठेकेदार बदलला होता. नव्यानं सांगून टाकलं, मागच्याचं मागच्याला विचारा. नवीन चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. मामांनी त्यांची घेतली, अंगठा पुसला नाही, वाचली नाही. माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "तुमच्याकडं असू द्या. घरात वाचणारं कोण न्हाय." वाचणारं तर पूर्वीही ते एकटेच होते, हे मी बोललो नाही. त्या दिवसानंतर ते कामावर आले नाहीत.

तक्रारीची चौकशी अजून चालू आहे. तसं पत्र येतं अधूनमधून, माझ्या पत्त्यावर.

गेल्या हिवाळ्यात एका लग्नासाठी मी लोहाऱ्याकडं निघालो होतो, भरलेल्या जीपमध्ये, मागच्या बाकावर कोणाच्यातरी अहेराची पातेली मांडीवर घेऊन. एका वळणावर मेंढरांनी रस्ता अडवला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून पाहिला आणि मग विडी पेटवली. कळपाच्या मागं घोंगडी घेतलेला माणूस होता. मी पातेली शेजाऱ्याच्या मांडीवर सरकवून उतरलो.

मामाच. वाळलेले, काळे पडलेले. मला बघून थांबले.

"सायब. वहिनी बऱ्या हायत?"

"बऱ्या आहेत. मेंढरं कोणाची, मामा?"

"एका पाव्हण्याची. अर्धलीनं घेतल्यात." कळपावरची नजर न काढता म्हणाले. "तो तिकडं बार्शीकडं ऱ्हातो. साल-सहा म्हैन्यानं येतोय बघाया."

मी विचारू नये ते विचारलं, "कसं चाललंय? भागतं का?"

त्यांच्या कमरेला कापडाची एक लहान पुरचुंडी खोचलेली होती, ती त्यांनी काढून सोडली. आत मिठात घातलेले, आकसून कडक झालेले तीन कान होते. एकाला अजून पांढरी लव होती.

"थंडीत तीन गेली," मामा म्हणाले. "मालकाला दावाया ठिवलेत."

मागून जीपचा हॉर्न वाजला. मामांनी कान एकेक करून कापडात परत ठेवले, गाठ मारली, ओढून पक्की झाली का बघितली. मग काठीनं मागची मेंढी पुढं घातली आणि कळपाबरोबर रस्ता सोडून तुरीच्या रानात उतरले.